गोऱ्या रंगाला काय खुलतं

२५ मे १९८६, रविवार. मुलुंड

दत्तारामने त्याच्या कंपनीची डायरी माझ्या ट्रंकेत घालून दिली. "ताई, तिथे बोलायला कोण असणार तुला," असं म्हणाला आणि मग आपण काय बोलून गेलो म्हणून ओशाळला. माझा भाऊ तसाच आहे. आधी खरं बोलतो, मग घाबरतो.

खरंच कोणी नाही. लग्नाला आठवडा झाला. मला मंगळ, ह्यांची पहिली बायको गेलेली, असा आमचा मेळ बसला. अंधेरीच्या ऑफिसातली टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लांब पडते म्हणून सोडली. श्यामसुंदर माणूस वाईट नाहीत. बँकेतून येतात, चहा घेतात, पेपर घेऊन गॅलरीत बसतात. भाजी छान झालीय म्हणतात, पण ते वाटीकडे बघून. माझ्या तोंडाकडे बघून काही बोलल्याचं आठवत नाही.

माहेरी, वाकोल्याला, मला बघायला आले तेव्हा मात्र बघितलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन पडद्यातून बाहेर आले आणि हे बघतच राहिले, इतके की विमलाने, म्हणजे दत्तारामच्या बायकोने, मागून मला चिमटा काढला. त्या एका बघण्यावर मी हो म्हटलं. तिशी उलटलेल्या बाईने एवढ्यावर हो म्हणावं हे लिहायला लाज वाटते, पण झालं तसंच. मला तसं कुणीतरी पुन्हा बघावं आणि आपलं म्हणावं, एवढंच या घराकडून हवंय.

हॉलमध्ये पद्मजाचा फोटो आहे. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली ती. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, मोठा करून घेतलेला. बाई माझ्यासारखीच गोरी असावी. साडीचा रंग मात्र कळत नाही. रोज हार बदलताना मी उगीच अंदाज करत बसते.

३ जून

आज दिवे लागल्यावर घाटकोपरहून पद्मजाच्या आई आल्या. पाया पडले तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं. "आमच्यात दुसरी आली की ती पहिलीच्या आईबापांची मुलगी होते," म्हणाल्या. "मला माई म्हण. दोन माहेरं झाली तुला."

मग हनुवटी धरून ट्यूबलाइटकडे माझं तोंड वळवलं. "गोरी आहेस गं. माझ्या पोरीसारखी." मला वाटलं आता रडतील. पण त्यांचं लक्ष माझ्या बदामी वॉइलकडे गेलं.

"हे काय नेसलीस? गोऱ्यावर बदामी म्हणजे भाकरीवर पीठ."

माई घरी साड्या विकतात. पार कांदिवलीहून बायका त्यांच्याकडे येतात, त्या साडीसाठी कमी आणि काय खुलेल ते विचारायला जास्त. चहा होईपर्यंत त्यांनी माझं कपाट उपसलं. फिका रंग सावळ्या अंगावर उमलतो, गोऱ्यावर विझतो. गोऱ्या बाईने गडद घ्यावं, डाळिंबी घ्यावा, मोरपंखी घ्यावा, वांगी घ्यावा. पिवळाच हवा असेल तर हळदीचा, लिंबाचा नको. माझ्या साड्यांचा कॉटवर ढीग झाला आणि कपाटात तीन उरल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही.

जाताना म्हणाल्या, "येते हं पोरी."

आई गेली तेव्हा मी नववीत होते. तेव्हापासून मी ताई झाले, आत्या झाले, मॅडम झाले. पोरी कुणी म्हटलं नाही. त्या दिसेनाशा झाल्या तरी मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. गॅसवरचं दूध उतू जाईल म्हणून शेवटी आत आले.

१९ जून

पावसाने अंधारून आलं होतं, ट्यूब लावून माईंनी दुपारभर शिकवलं. पांढरी पावडर टाकून दे, ती गोऱ्या तोंडाला लावली की माणूस आजारातून उठल्यासारखं दिसतं. गुलाबी छटेची घे आणि मानेपर्यंत लाव. लिपस्टिक केशरीकडे झुकणारी नको, दात पिवळे दिसतात, जांभळाकडे झुकणारा लाल घे. टिकली मोठी, मरून.

"माई, मला लहान टिकली बरी वाटते."

"लहान टिकली लांबट तोंडाला. तुझं गोल आहे."

माझं तोंड गोल आहे हे मला आज कळलं. शाळेत मला काकडी म्हणायचे. असेल, त्यांची नजर कसलेली आहे.

डाळिंबी साडी आणली, तिच्यावर ब्लाऊजसुद्धा शिवून आणलेलं, माप न घेता. खांद्यात अगदी बसलं, दंडाला थोडं सैल. एवढा अंदाज शिंप्यालाही येत नाही. भांगही त्यांनीच पाडला, डावीकडून. मी पुन्हा मधून पाडायला गेले तर हातावर हलकी चापट मारली. चापटसुद्धा गोड वाटली मला.

८ जुलै

आज सगळं जमवून आणलं. डाळिंबी, मरून टिकली, गुलाबी पावडर, ती लिपस्टिक. हे आले. बूट काढता काढता थांबले. माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, जिंकले.

मग आत गेले. मोरीतला नळ कितीतरी वेळ चालू होता. चहा घेतलाच नाही.

माईंना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "बोलणार नाही तो. तू नेसत राहा." बहुतेक माझी निऱ्यांची घडी चुकते. उद्यापासून मोरपंखी नेसून बघते.

२७ जुलै, रविवार

वाकोल्याला जाऊन आले. विमलाने दार उघडलं आणि "कोण पाहिजे?" म्हणाली. मी हसले. ती नाही हसली.

"हो रंग तुका कोणी सांगलो?" म्हणाली. विमला मालवणची, आडपडदा नाही. माईंचं सांगितलं. "गुणी बाई आसतली," म्हणाली, "पण माका तू परक्या घरची दिसतंस."

बाबा खाटेवर पडून होते. गिरणी सुटल्यापासून बोलणं कमी झालंय. मी जवळ बसले तर डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "तू तुझ्या आवशीसारखी दिसायचंस. आता नाय दिसणंस."

परत येताना मला एकदाही रडू आलं नाही, पण बस मुलुंडला कधी पोचली ते कळलं नाही. त्यांची नजर अधू झालीय, मोतीबिंदू काढायला हवा. दत्तारामला सांगायचं राहिलं.

१४ ऑगस्ट

खालच्या मजल्यावरच्या शांताबाई जिन्यात भेटल्या. बोलक्या आहेत, वासरासारख्या मोठ्या डोळ्यांच्या. मला बघून त्यांनी भिंतीला हात टेकला. "अगंबाई, क्षणभर मला वाटलं..." आणि मग वांग्यांच्या भावाबद्दल बोलायला लागल्या. काय वाटलं ते सांगेनात.

वर आले, फोटो काढून आरशाशेजारी धरला. भांग तोच. टिकली तेवढीच. ब्लाऊजच्या गळ्याचा कापसुद्धा तोच. मला इतके दिवस दिसलं कसं नाही म्हणावं, तर दिसत होतं. मी बघत नव्हते. माईंना मुलगी हवी आहे आणि मला आई हवी आहे, मग भांग डावीकडून पाडला तर माझं काय जातं? असं मी मोठ्याने म्हटलं. आरशातल्या बाईला ते पटलेलं दिसलं नाही.

आणखी एक आहे. वेड्यासारखं वाटेल म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं. मी दुपारी घरात एकटी नसते. कपाट उघडते, सवयीने हात डाळिंबीकडे जातो आणि कानामागून कुणीतरी हळूच "अं हं" म्हणतं. जीभ टाळूला लावून लहान मुलं नको म्हणतात तसं. माईंचा आवाज मनात बसला असेल म्हणावं, तर माई कधी अं हं म्हणत नाहीत. मी हात मागे घेत नाही. साडी ओढून काढते आणि पाठ भिंतीला लावून नेसते.

१४ सप्टेंबर, रविवार

गौरी गेल्या. काल माई आल्या तेव्हा म्हणाल्या, यंदा पद्मजाच्या अविधवा नवमीला तूच सवाष्ण बस. नवरा असताना गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षात एका सवाष्णीला जेवू घालतात, साडी देतात. आमच्याकडेही करतात, पण बाहेरची बाई बोलावून. माई म्हणाल्या, "बाहेरची कशाला? घरात आहे ना."

शांताबाईंना विचारलं. त्या दचकल्या. "घरातलीला बसवत नाहीत गं. त्या दिवशी ती सवाष्ण म्हणजे गेलेलीच असते. जेवते, साडी घेते आणि आपल्या घरी जाते. घरातलीच बसवलीत तर ती जाणार कुठे?"

आज जेवताना हे आपण होऊन बोलले. एवढं सलग मी त्यांचं पहिल्यांदाच ऐकलं.

"तू ते नको नेसूस. आई आणतात ते."

"पद्मजाचे रंग आहेत म्हणून?"

"तिचे कुठले? तिने ते कधीच नेसले नाहीत. तिला सगळं फिकं आवडायचं. आई यायच्या तेवढ्यापुरतं अंगावर घ्यायची, त्या गेल्या की सोडायची. दोघींची त्यावरून भांडणं. आईंनी नवी साडी पुढे केली की मान हलवून अं हं म्हणायची. शेवटी शेवटी तर मायलेकी बोलतसुद्धा नव्हत्या."

माझा घास हातात राहिला. ते अं हं मी ह्यांना कधीच सांगितलेलं नाही.

भीती घालवायला मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग तुम्ही माझ्याकडे बघत का नाही?" हे आमटीच्या वाटीत बघत म्हणाले, "वाकोल्याला बघितलं होतं. त्या बदामी साडीत."

भीतीबिती सगळी पळाली. म्हणजे मी होते तशीच आवडले होते. माझ्या रंगात, माझ्या साडीत. तीन महिने तोंडाला काय काय फासत बसले मी, मूर्ख कुठली. उद्याच ट्रंकेतल्या जुन्या साड्या वर काढते.

२१ सप्टेंबर, रविवार

बदामी नेसले. मधून भांग पाडला, बारीक टिकली लावली. ह्यांनी मान वर करून बघितलं आणि हसले. मग स्टूल आणलं, माळ्यावर चढले आणि जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं खाली काढलं. आत मोतिया रंगाची साडी. डांबराच्या गोळ्यांचा वास. म्हणाले, "हिच्यात बघू."

नेसले. काय करणार होते? मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. पदर खांद्यावरून पुढे घे म्हणाले. ट्रे हातात घे म्हणाले. आणि मग माझ्याकडे बघितलं.

अगदी वाकोल्यासारखं. ज्यासाठी मी मे महिन्यापासून झुरत होते तेच, तसंच. मी मागे वळून बघितलं, कारण ते बघणं माझ्यावर थांबतच नव्हतं, माझ्या पाठीमागे कुणाला तरी पोचत होतं. तेव्हा कळलं की वाकोल्यालाही ते असंच आरपार गेलं असणार. विमलाने चिमटा काढला तो मला. त्यांना मी दिसलेच नव्हते.

गडद नेसले तर मी माईंची मुलगी. फिकं नेसले तर ह्यांची बायको. दोन्हीकडे ती एकच बाई बसलेली आहे, आणि ती तर मला अं हं म्हणते. संध्याकाळी मी दोन्ही साड्या समोर ठेवून, माझा आवडता रंग कोणता होता ते आठवत बसले. लहानपणी होता एक. आठवला नाही. मला फार भीती वाटतेय.

२७ सप्टेंबर, शनिवार. अविधवा नवमी

सकाळचं सगळं नीट लिहायचं आहे.

बसणार नाही असं सांगायचं ठरवलं होतं. पण माई सकाळीच आल्या आणि त्यांनी मला पाटावर बसवून डोक्याला तेल घातलं. माझ्या डोक्यावर तेल चोळणारा हात होता तो. मला नाही म्हणता आलं नाही.

न्हाऊन आले. जुनं पातळ गुंडाळलेलं, ओले केस मागे सारलेले, तोंडावर काही नाही. केळीच्या पानावर वाढून तयार होतं. माईंच्या हातात कोरी डाळिंबी, ह्यांच्या हातात ती मोतिया.

"माझ्या मुलीचं पान आहे," माई म्हणाल्या. "तिच्या आईने आणलेली साडी नेसेल ती."

"आई, तिला नाही आवडायचा तो रंग. तुम्हाला आवडायचा."

"तुला काय कळतं रे रंगातलं? खुलायची ती डाळिंबीत."

"रडायची ती डाळिंबीत."

माई पांढऱ्या पडल्या. दोघंही माझ्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होते आणि दोघांचंही लक्ष साड्यांकडे. मी मध्ये मांडून ठेवलेली. शेवटी माईंनी माझं मनगट धरलं. "चल खिडकीत. उजेडात काय ते दिसेल." गिऱ्हाइकाला नेतात तशी मला ओढत नेली, एका खांद्यावर डाळिंबी टाकली, दुसऱ्यावर मोतिया, आणि एक पाऊल मागे सरकल्या.

ऊन थेट माझ्या तोंडावर होतं. माई आधी या साडीकडे बघत होत्या, मग त्या साडीकडे, आणि मग माझ्याकडे. त्यांची ती गिऱ्हाइकाला पारखायची नजर मी इतक्या महिन्यांत स्वतःवर कधी अनुभवली नव्हती. पुढे आल्या. अंगठ्याने माझा गाल जरा दाबून पाहिला.

"तू केतकी आहेस," म्हणाल्या.

"काय माई?"

"तुझा गोरा केतकी आहे गं. पिवळ्या अंगाचा. पद्मजा गुलाबी होती. हे दोन्ही रंग तुझे नाहीत." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी ट्यूबखाली बघितलं तुला. गिऱ्हाइकालासुद्धा मी ट्यूबखाली रंग दाखवत नाही. आणि तोंडही लांबट आहे."

त्या खिडकीखाली फरशीवर बसल्या. आधी हळू आणि मग मोठ्याने रडल्या. "म्हणजे गेली ती," एवढंच पुन्हा पुन्हा. दोन वर्षांनी गेली ती त्यांच्यासाठी, आज सकाळी, माझ्या खिडकीत. मी जवळ बसायला गेले तर त्यांनी हात आडवा केला.

ह्यांनी माझ्या खांद्यावरची मोतिया काढून घेतली, घडी केली, स्टूल आणलं आणि पुन्हा माळ्यावर ठेवून दिली. खाली उतरून बँकेत गेले. शनिवार होता, अर्धाच दिवस होता, गेले नसते तरी चाललं असतं.

पान वाढलेलं होतं, कुणीतरी जेवायला हवं होतं. मी शांताबाईंना बोलावून आणलं. त्या पोटभर जेवल्या, डाळिंबी साडी कपाळाला लावली आणि आनंदाने आपल्या घरी गेल्या.

माईंनी डोळे पुसून पिशवी उचलली. दारात थांबून मला पुन्हा एकदा नीट बघितलं. "शेवाळी घे. नाहीतर मधाचा रंग. टिकली लहान, तुझी तूच लावायचीस ती बरोबर होती. छान खुलशील."

मी म्हटलं, "माई, परत कधी?"

"येते हं, बाई," म्हणाल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज घट बसले. पितृपक्ष संपल्यामुळे माईंकडे बायकांची गर्दी उसळली असेल.

इकडे सगळं ठीक आहे. हे आता माझ्याकडे बघतात. पंखा लावू का, असं तोंडाकडे बघून विचारतात. काउंटरवर आलेल्या माणसाकडे बघावं तसे सभ्यपणे बघतात. विमला येऊन गेली, म्हणाली, आता तू दिसतंस आमची शेवंती. बाबांना सांगते म्हणाली. मी तिला चहा केला, लाडू दिले आणि ती गेल्यावर दार लावून खूप रडले.

दुपारी मुद्दाम कपाट उघडून उभी राहते. कुणी काही म्हणत नाही. ती गेली. मला वाटलं होतं, ती गेली की ही जागा माझी होईल. जागा नुसतीच रिकामी झाली.

कोपऱ्यावरच्या दुकानात शेवाळी साडी बघून आले. अंगावर धरली. माईंचं म्हणणं अगदी बरोबर होतं, मला ती इतकी खुलत होती की दुकानातला माणूससुद्धा बोलायचा थांबला. मी घडी करून त्याला परत दिली.

उद्या घाटकोपरला जाणार आहे. डावीकडून भांग पाडून, गुलाबी पावडर मानेपर्यंत लावून. माई म्हणतील, "काय दाखवू, बाई?" मी सांगेन, पद्मजाला जे दाखवलं असतंत ते दाखवा. त्या एकेक साडी माझ्या खांद्यावर टाकतील, आणि मी एकीलाही नको म्हणणार नाही.